दोन सुषिरवाद्यांचा कॉन्चेर्तो : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी वेंगुर्ले तालुक्यात राहतो आणि बासरी शिकतो. आमच्या घरात देवळातल्या सनईची सेवा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. काका मुख्य सनई वाजवतात आणि चुलतभाऊ सूर धरतो. अलीकडे मी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकू लागलो असून त्यात सालिएरी या संगीतकाराने फ्लूट आणि ओबो या दोन वाद्यांसाठी लिहिलेला कॉन्चेर्तो, म्हणजे एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठी बांधलेली रचना, ऐकला. ही जुगलबंदी असावी असे वाटले, परंतु कोण कोणावर मात करतो ते शेवटपर्यंत कळले नाही. या प्रकारात मुख्य वादक कोण, वाद्यवृंदाचे काम काय, आणि हे संगीत ऐकावे कसे, याविषयी मार्गदर्शन करावे. – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : आपण ऐकलेली सी मेजर या पाश्चात्त्य स्वरपट्टीतली रचना अंतोनिओ सालिएरी याने १७७४ साली व्हिएन्ना येथे लिहिली. उत्तर इटलीतल्या लेन्यागो या गावी १७५० मध्ये जन्मलेला हा संगीतकार पोरका झाल्यानंतर गासमान या गुरूचे बोट धरून १७६६ मध्ये व्हिएन्नाला आला. १७७४ मध्येच गासमानचे निधन झाले आणि चोवीस वर्षेही पूर्ण न झालेल्या शिष्याकडे दरबारातल्या इटालियन संगीतनाटकाची जबाबदारी आली. पुढचे सारे आयुष्य त्याने प्रामुख्याने रंगभूमीसाठी लिहिले. केवळ वाद्यांसाठी लिहिलेले त्याचे कॉन्चेर्तो मोजकेच आहेत आणि ते त्याच्या तरुणपणातले आहेत. मोझार्टला त्याने विष दिल्याची आवई इतकी पसरली, की त्याचे संगीत न ऐकताच लोक त्याच्याविषयी मत बनवतात. त्या आवईला कसलाही पुरावा नाही. बेथोव्हेन, शूबर्ट आणि लिस्ट या तिघांनी ज्याच्याकडे धडे घेतले, त्याची अशी ओळख उरावी याचे मला नेहमी वाईट वाटते. म्हणून आपण त्याच्या नावापासून नव्हे, तर थेट संगीतापासून सुरुवात केलीत याचा विशेष आनंद वाटला.

आता मूळ प्रश्न. येथे कोणीही कोणावर मात करत नाही, आणि तशी अपेक्षा ठेवून ऐकल्यास रचनेतले सर्वांत सुंदर क्षण हातून निसटतात. आपल्या जुगलबंदीत दोन्ही कलाकार रागाच्या चौकटीत त्या क्षणी सुचेल ते मांडतात, एकाने घेतलेली तान दुसरा उचलतो, वाढवतो, आणि या देवाणघेवाणीत थोडी चुरस आपसूक येते. कॉन्चेर्तोमध्ये दोघांनी काय वाजवायचे, कोठे थांबायचे आणि कोणाच्या मागून यायचे, हे संगीतकाराने आधीच लिहून ठेवलेले असते. शिवाय येथे तिसरा पक्ष असतो, तो म्हणजे वाद्यवृंद. सुरुवातीला तो मुख्य सुरावटी एकट्याने मांडतो आणि दोन्ही एकल वादक तोवर वाट पाहतात. ते आले की वाद्यवृंद आपला आवाज आवरून साथीला बसतो, आणि एक टप्पा संपला की पुन्हा पूर्ण आवाजात उभा राहतो. मुख्य वादक दोघेही आहेत, आणि दोघांपैकी एकाला काढून घेतले तर उरलेली सुरावट अर्धवट वाटेल अशा रीतीने ती विणलेली असते.

ही वीण कशाची आहे, हे समजण्याची किल्ली माझ्या मते श्वासात आहे, आणि म्हणूनच सनईच्या घरात वाढलेल्या श्रोत्याला ती इतरांपेक्षा लवकर सापडेल. व्हायोलिनवादकाचा गज उलट फिरला तरी सूर तुटू न देण्याची सोय त्या वाद्यात आहे. हार्प किंवा पियानो यांना तर श्वास लागतच नाही. फुंकून वाजवणाऱ्या माणसाला मात्र थांबावेच लागते. एकच फ्लूट असलेल्या कॉन्चेर्तोमध्ये संगीतकाराला दर काही मात्रांनी वादकाच्या फुप्फुसांचा आणि ओठांचा विचार करून जागा सोडाव्या लागतात आणि त्या वाद्यवृंदाने भराव्या लागतात. दोन सुषिरवाद्ये समोर असली की ही अडचणच रचनेचा आधार होते. फ्लूटचे वाक्य जेथे संपते तेथे ओबोचे सुरू होते. कित्येकदा एकाचा शेवटचा स्वर हाच दुसऱ्याचा पहिला स्वर असतो, आणि कानाला एकच लांबलचक सुरावट ऐकू येते, जी कोणत्याही एका माणसाच्या दमात मावली नसती. सालिएरीचा मधला, संथ गतीचा भाग ऐकताना सुरावटीकडे थोडे दुर्लक्ष करून केवळ हे हस्तांतर कोठे घडते याकडे लक्ष द्यावे. रचना वेगळीच भासू लागेल.

आपल्या देवळात हीच अडचण निराळ्या रीतीने सुटलेली आहे. सूर धरणारा सनईवादक गालांत हवा राखून नाकाने श्वास घेतो आणि षड्ज अखंड ठेवतो, त्यामुळे मुख्य सनईवाल्याला केव्हाही थांबता येते. तो थांबला तरी सभोवती शांतता पसरत नाही. अठराव्या शतकातल्या युरोपीय संगीतकाराने दोघांपैकी कोणालाच असे आधाराच्या सुरावर बसवले नाही. दोघांनाही गाते ठेवले आणि आधाराचे काम तंतुवाद्यांकडे दिले. आपले काका आणि चुलतभाऊ आलटून पालटून मुख्य सनई वाजवत आहेत आणि सूर दुसऱ्याच कोणी धरला आहे, अशी कल्पना केल्यास या मांडणीचा अंदाज येईल.

येथे दोन वाद्यांच्या स्वभावातला एक भेद सांगणे आवश्यक आहे, कारण तो कळला की संगीतकाराचे कसब अधिक जाणवते. फ्लूटमध्ये वादक फुंक छिद्राच्या कडेवर आदळवतो आणि त्या हवेचा मोठा भाग नळीत न शिरता बाहेरच जातो. त्यामुळे त्याचा दम लवकर संपतो, हे बासरी शिकणाऱ्या आपल्याला सांगावयास नको. ओबोचे याच्या उलट आहे. त्याच्या दुहेरी पत्तीतली फट इतकी बारीक असते की हवा अगदी थोडी खर्च होते, आणि लांब वाक्याच्या शेवटी वादकाच्या छातीत वापरलेली हवा तुंबून राहते. नवा श्वास घेण्यापूर्वी त्याला ती आधी बाहेर टाकावी लागते. एकाला हवा पुरत नाही आणि दुसऱ्याला ती उरते. तेव्हा दोघांच्या वाट्याला तीच सुरावट आली, तरी ती वाजवण्यातले कष्ट सारखे नसतात. मैफल प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला तर ओबोवादकाच्या चेहऱ्याकडे अवश्य पाहावे.

ओबोचा आवाज आपल्याला ओळखीचा वाटला असेल, आणि ते साहजिकच आहे. ओबो आणि सनई या दोहोंना दुहेरी पत्ती असते आणि दोहोंची नळी तोंडाकडून टोकाकडे रुंद होत जाते; भारतापासून युरोपापर्यंत पसरलेल्या एका मोठ्या कुळातली ही दोन वाद्ये आहेत. सनईची पत्ती उघड्या मंडपासाठी आणि देवडीसाठी जोरकस राहिली, तर ओबोची सतराव्या शतकात फ्रान्सच्या दरबारात बंद दालनांसाठी मऊ करण्यात आली. त्याचे खालचे स्वर मात्र अजूनही भरदार आणि थोडे खरखरीत लागतात, आणि फ्लूटचे खालचे स्वर नेमके दुबळे असतात. म्हणून दोघे एकत्र वाजतात तेव्हा बहुतेक वेळा फ्लूट वर आणि ओबो खाली असतो.

एकत्र वाजताना त्यांच्यात पुष्कळदा षड्ज-गांधाराचे किंवा षड्ज-धैवताचे अंतर राखलेले असते. आपल्याकडे सुरावटीच्या जोडीला दुसरी सुरावट समांतर चालवण्याची पद्धत नसल्यामुळे सुरुवातीला हे केवळ गोडवा आणण्यासाठी केले आहे असे वाटते. परंतु त्यामागे ध्वनीचे एक रहस्यही आहे. दोन फ्लूट वरच्या सप्तकात शुद्ध षड्ज आणि शुद्ध गांधार जोराने वाजवू लागले, तर जवळ उभ्या असलेल्या माणसाला तिसरा, खालचा स्वर ऐकू येतो, जो कोणीही वाजवत नसतो. समजा, षड्जाची कंपने सेकंदाला १००० आहेत आणि गांधाराची १२५०. त्यांतला फरक २५०, आणि २५० कंपनांचा स्वर म्हणजे त्याच षड्जाचे दोन सप्तके खालचे रूप. गांधार आणि पंचम वाजवले तरी फरकाने उभा राहणारा स्वर पुन्हा षड्जच असतो. इटालियन व्हायोलिनवादक तार्तिनी याने या तिसऱ्या स्वराचे विवेचन १७५४ साली आपल्या ग्रंथात केले. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गांधार याहून निराळा आहे, कारण तो तारेच्या स्वतःच्या उपस्वरांतून येतो आणि हा दोन वाद्यांच्या मिश्रणातून आपल्या कानात घडतो. परंतु सूर अचूक लागले तरच तो प्रकट होतो, ही अट दोन्हीकडे सारखी आहे. आपल्याबरोबर बासरी शिकणारा कोणी असेल, तर दोन लहान, उंच पट्टीच्या बासऱ्या घेऊन बंद खोलीत हा प्रयोग करावा. तिसरा स्वर गुणगुणू लागला की समजावे, गांधार जागेवर बसला.

आपण विचारलेले नाही, तरी अशा रचना त्याच काळात एवढ्या का लिहिल्या गेल्या, हा प्रश्न येथे येतोच. त्या वेळच्या वाद्यवृंदात सुषिरवाद्ये जोडीनेच बसत: दोन ओबो, दोन हॉर्न, कोठे दोन फ्लूट, पुढे दोन क्लॅरिओनेट. वर्षानुवर्षे शेजारी बसून एकमेकांचा श्वास ओळखणाऱ्या या जोड्यांना पुढे उभे करणे सोपे होते. हॉर्नवादकांत तर एकाने उंच स्वर आणि दुसऱ्याने खालचे स्वर वाजवण्याची कायमची वाटणीच असे, आणि जर्मनीतल्या वालरश्टाइन दरबारातल्या अशा जोडीसाठी रोझेत्ती याने दुहेरी कॉन्चेर्तो लिहिले. पॅरिसमध्ये १७७० नंतर अनेक एकल वादकांच्या रचनांची मोठी आवड निर्माण झाली होती. तिकीट काढून येणाऱ्या श्रोत्यांना आपल्या आवडीचे दोन-तीन वादक एकाच वेळी ऐकायला मिळत. मोझार्टने १७७८ मध्ये पॅरिसमध्येच फ्लूट आणि हार्प यांचा कॉन्चेर्तो लिहिला, पण हार्पला श्वास नसल्यामुळे तेथे एक जण थांबतो आणि दुसऱ्याच्या बोटांतून स्वर झरत राहतात. आपल्याकडे बिस्मिल्ला खाँ यांची शहनाई आणि वि. गो. जोग यांचे व्हायोलिन यांच्या जोडीतही याच प्रकारचा तोल ऐकू येतो.

एकोणिसाव्या शतकात मोठी सभागृहे झाली, व्यासपीठावर एकटा पियानोवादक किंवा एकटा व्हायोलिनवादक उभा राहावा असे श्रोत्यांना वाटू लागले, आणि दोन सुषिरवाद्यांचा कॉन्चेर्तो मागे पडला. तो पूर्णपणे संपला मात्र नाही. रिचर्ड श्ट्राउस याने वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, १९४७ मध्ये, क्लॅरिओनेट आणि बसून (खोल आवाजाचे एक फुंकवाद्य) यांच्यासाठी तंतुवाद्ये आणि हार्प यांच्या साथीने एक दुहेरी रचना पूर्ण केली. उंच, चपळ क्लॅरिओनेट आणि खोल, जडसर बसून यांना एकमेकांची भाषा हळूहळू समजत जाते, असे ती ऐकताना मला दर वेळी वाटते, आणि उतारवयातल्या त्याच्या संगीतात मला ती सर्वांत प्रिय आहे.

सालिएरीनंतर आपण चिमारोझा याचा दोन फ्लूटांचा, जी मेजरमधला कॉन्चेर्तो ऐकावा. तो १७९३ सालचा आहे. तेथे दोन्ही वाद्यांचा आवाज एकच असल्यामुळे हस्तांतर ओळखणे फार कठीण जाते. हेडफोन लावून ऐकल्यास, ध्वनिमुद्रणात एक वादक डावीकडे आणि एक उजवीकडे असेल, तर थोडी मदत होते. पहिल्या भागाच्या शेवटाजवळ वाद्यवृंद थांबतो आणि दोन्ही वादकच उरतात, ती जागा विशेष लक्ष देऊन ऐकावी. एकच वादक असता तर तेथे त्याने मनाप्रमाणे विस्तार केला असता. दोघांना एकाच क्षणी निराळे सुचले तर गोंधळ होईल, म्हणून दुहेरी रचनांत हा विस्तारही बहुधा आधी लिहून, बसवून घेतलेला असतो. आपल्या जुगलबंदीपासून हा प्रकार सर्वाधिक दूर जातो तो याच जागी.

प्रश्न : विवाल्दीच्या दोन ट्रंपेटांच्या कॉन्चेर्तोमध्ये मधल्या भागात ट्रंपेट वाजतच नाहीत. ध्वनिमुद्रणात काही गाळले आहे काय? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : काहीही गाळलेले नाही. विवाल्दीने तो मधला भाग अगदी मोजक्या मात्रांचा आणि ट्रंपेटांना विश्रांती देऊनच लिहिला आहे. त्याच्या काळातल्या ट्रंपेटला आजच्यासारख्या कळा नव्हत्या. त्या १८१५ च्या सुमारास जर्मनीत निघाल्या. केवळ ओठांच्या दाबावर, लांब नळीतून निसर्गतः निघणारे स्वर तेवढे मिळत. शिमग्यात पालखीपुढे वाजणाऱ्या शिंगात किंवा तुतारीत खालचे स्वर एकमेकांपासून दूर असतात आणि वर जावे तसे जवळ येतात, तोच हा नियम. सी मेजरमध्ये बांधलेल्या अशा ट्रंपेटवर सलग सुरावट फक्त उंच पट्टीत शक्य होती, आणि संथ भागासाठी निराळा षड्ज घेतला की त्यातले हवे ते स्वर हाताशी नसत. शिवाय उंच स्वरांनी ओठ लवकर थकतात. शेवटच्या भागात दोघांना पुन्हा तितक्याच जोमाने यावयाचे असते.

प्रश्न : माझी मुलगी आणि पुतण्या कुडाळहून पणजीला जाऊन क्लॅरिओनेट शिकतात. दोघांना मिळून वाजवता येईल असा एखादा कॉन्चेर्तो आहे काय? ध्वनिमुद्रित साथीवर वाजवताना त्यांचे सूर साथीहून चढे लागतात, आणि पावसाळ्यात वाद्य नीट बोलत नाही. यावर उपाय सुचवावा. – एक वाचक, कुडाळ

उत्तर : दोन क्लॅरिओनेटांसाठी लिहिलेल्या रचनांत फ्रांत्स क्रॉमर याचा ई फ्लॅट मेजरमधला, प्रकाशनक्रमांक (ओपस) ३५ चा कॉन्चेर्तो मी सर्वांत वर ठेवीन. क्रॉमर १७५९ साली मोराव्हियात जन्मला, व्हिएन्नात स्थिरावला आणि १८१८ मध्ये तेथील सम्राटाचा दरबारी संगीतकार झाला. क्लॅरिओनेटची व्याप्ती तीन सप्तकांहून अधिक असल्यामुळे एक वाद्य वर गात असताना दुसरे खालच्या, गडद पट्टीत तुटक स्वरांची साखळी चालवून त्याला आधार देते, आणि थोड्याच वेळात दोघे जागा बदलतात. ही अदलाबदल क्रॉमरने फार आनंदाने केली आहे. पियानोच्या साथीची आवृत्तीही मिळते. मात्र रचना अवघड आहे. शिक्षकांना विचारून प्रथम संथ भाग घ्यावा, आणि मुलांपैकी एकाला कायम पहिला व दुसऱ्याला कायम दुसरा वाटा देऊ नये.

त्याहून आटोपशीर काही हवे असेल तर मेंडेल्सोनच्या दोन मैफली रचना आहेत. क्लॅरिओनेटवादक हाइनरिख बेअरमान आणि त्याचा मुलगा कार्ल या दोघांसाठी त्याने त्या १८३२ च्या अखेरीस आणि १८३३ च्या आरंभी बर्लिनमध्ये लिहिल्या, आणि मोबदला म्हणून या बापलेकांनी त्याला वाफेवरचे गोड गोळे आणि सायीचे सारण भरलेली गुंडाळी करून खाऊ घातली. मूळ रचनेत दुसरे वाद्य बासेट हॉर्न, म्हणजे क्लॅरिओनेटचेच खालच्या पट्टीतले भावंड आहे; ते मिळणे कठीण, पण त्याचा भाग साध्या क्लॅरिओनेटसाठी बसवलेल्या प्रती मिळतात.

सूर चढण्याचे कारण उष्णता हे आहे. हवा तापली की तिच्यातून ध्वनी अधिक वेगाने जातो आणि फुंकवाद्याचा सूर वर सरकतो. दर अंशाला अर्ध्या स्वराच्या शंभर भागांपैकी साधारण तीन भाग, असा हिशेब धरावा. वीस अंशांच्या दालनात मुद्रित झालेल्या साथीबरोबर कुडाळच्या तीस अंशांच्या खोलीत वाजवल्यास एवढा फरक पडू शकतो की तो कोणाच्याही कानाला खुपावा. प्रत्यक्षात नळीतली हवा श्वासानेही तापलेली असल्यामुळे फरक काहीसा कमी राहतो, तरी तो जाणवतोच. म्हणून मुलांनी प्रथम दहा मिनिटे वाद्य फुंकून तापवावे, मग मुखाजवळचा आखूड तुकडा किंचित बाहेर ओढून साथीशी सूर मिळवावा, आणि दोघांनीही तो शक्यतो सारखाच ओढावा. वाद्य आधीच तापवलेले नसेल, तर पहिल्या पानावर जुळलेला सूर तिसऱ्या पानावर चढतो.

पावसाळ्याचा त्रास निराळा आहे. दमट हवेत छिद्रांवरच्या गाद्या फुगतात आणि छिद्राच्या कडेला चिकटतात. वाजवून झाल्यावर गादी आणि छिद्र यांच्यामध्ये पातळ, शोषक कागद क्षणभर दाबून धरल्यास ओल निघते. पत्ती बंद डबीत ओलीच ठेवल्यास तिच्यावर बुरशी येते. ती पुसून, सपाट काचेवर किंवा हवा खेळणाऱ्या डबीत वाळू द्यावी, आणि जून ते सप्टेंबर या काळात प्रत्येकाने तीन-चार पत्त्या आळीपाळीने वापराव्यात. दोघांनी पत्त्यांची देवघेव करू नये. वाद्य लाकडी असेल तर आतून कापडाने पुसल्याशिवाय पेटीत ठेवू नये, आणि पावसाळा संपून हवा एकदम कोरडी होते तेव्हा पहिले काही दिवस सराव थोडा वेळच करावा, कारण लाकडाला तडा जाण्याचा धोका त्या दिवसांत अधिक असतो.